अमेरिकेत पदवीला पाठवायचे असेल, तर आधी घरातला आकडा ठरवा

औशाजवळ राहणाऱ्या एका वडिलांनी विचारले आहे: "मुलगी लातूरला अकरावी सायन्सला आहे. दहावीला ९७ टक्के, शाळा सेमी-इंग्रजी. बारावीनंतर तिला थेट अमेरिकेत शिकायचे आहे. अकरा एकर शेती आणि एक कृषी सेवा केंद्र, एवढेच आमचे उत्पन्न. एक एजंट चार लाखांत ५० टक्के स्कॉलरशिपची हमी देतोय. पैसे भरावेत का? तिला कोणते कॉलेज मिळेल? वाचनाची आवड आहे, आठवीपासून रोजच्या पावसाची नोंद ठेवते, बाकी विशेष काही नाही."

दादा, चार लाख भरू नका. का, ते सांगते. नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी नऊ वर्षे फिजिक्स शिकवले आणि गेली चौदा वर्षे पुण्यात मुलांचे परदेशी अर्ज बघते. त्यामुळे तुमच्याकडची अकरावी-बारावी कशी चालते हेही मला माहीत आहे आणि तिकडे अर्ज कसा वाचतात हेही.

प्रवेश द्यायचा की नाही हे कॉलेजची प्रवेश समिती ठरवते, मदत किती द्यायची हे त्यांचे अर्थसाहाय्य खाते ठरवते. या दोघांच्या वतीने बाहेरचा माणूस हमी देऊ शकत नाही. जिथे ५० टक्क्यांची "हमी" खरी निघते, तिथे ती बहुतेक वेळा कॉलेजने सगळ्यांसाठी जाहीर केलेली सवलत असते. अमुक मार्कांच्या वर असणाऱ्या प्रत्येकाला ती मिळते आणि त्यांच्या वेबसाइटवर तसे लिहिलेलेही असते. शिवाय बऱ्याच एजंटांना कॉलेजकडूनही कमिशन मिळते. मग त्यांच्या यादीत कमिशन देणारीच कॉलेजे येतात, तुमच्या लेकीला शोभणारी येतातच असे नाही.

आता तो ५० टक्क्यांचा आकडा वहीवर मांडून बघा. समजा फी, राहणे, जेवण, विमा धरून कॉलेजचा वर्षाचा खर्च ६०,००० डॉलर आहे. नामवंत खासगी कॉलेजांचा तर ८५,००० च्या पुढे गेला आहे. साठातले निम्मे माफ झाले तरी ३०,००० उरले. डॉलर ८५ रुपयांनाच धरला तरी वर्षाला साडेपंचवीस लाख, चार वर्षांचे एक कोटी दोन लाख. त्यात सवलत बहुधा फक्त फीवर असते, राहण्या-जेवणावर नसते. फी दरवर्षी थोडी चढते, सवलतीची रक्कम मात्र सहसा तिथेच राहते. "मुलगी तिथे काम करून भागवेल" असे कोणी म्हणाले तर तेही मनावर घेऊ नका. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच काम करता येते. त्यात वरखर्च निघतो. फी निघत नाही.

म्हणून कोणते कॉलेज मिळेल हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. तुम्ही नवरा-बायको बसा आणि एक आकडा काढा: जमीन न विकता, गहाण न टाकता, घरातल्या दुसऱ्या कोणाचे शिक्षण न अडवता आपण वर्षाला किती रुपये देऊ शकतो, सलग चार वर्षे, सोयाबीनचा भाव पडला त्या वर्षीसुद्धा. दोन लाख निघाले तर दोन लाख, आठ निघाले तर आठ. त्यात कमीपणा काही नाही. कॉलेजांची यादी या आकड्यावरून उलटी बनवायची असते. घराघरांत मी नेमके विरुद्ध होताना बघते. आधी नावे ठरतात, मग प्रवेशाचे पत्र येते, मग एप्रिलमध्ये बँकेच्या आणि भावकीच्या दारात जाणे सुरू होते. सोलापूरच्या एका हुशार मुलाला पाच कॉलेजांनी घेतले होते आणि पाचही ठिकाणी जाता आले नाही, कारण एकाही कॉलेजची मदत घरच्या ऐपतीला पुरत नव्हती. ती यादी बनवताना मी पैशाचा विषय उशिरा काढला. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी तोच विषय काढते.

अमेरिकेत पदवीच्या परदेशी मुलांना मदत ढोबळमानाने तीन प्रकारे मिळते. पहिला प्रकार "नीड-ब्लाइंड" कॉलेजांचा. प्रवेश देताना तुमची ऐपत बघायची नाही, आणि प्रवेश दिला तर खर्चातून तुमची ऐपत वजा जाता जी गरज उरेल ती पूर्ण भागवायची. परदेशी मुलांनाही हे लागू करणारी कॉलेजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट, बोडिन, आणि २०२५ मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून ब्राऊन, अशी काही. इथे शेतकऱ्याच्या लेकीला जवळजवळ फुकट शिकता येते, हे अगदी खरे. पण इथे शंभर अर्जांमागे दहासुद्धा घेतले जात नाहीत. अर्ज जरूर करा, भरवसा ठेवू नका.

दुसरा प्रकार "नीड-अवेअर" कॉलेजांचा, आणि तुमच्या लेकीसाठी मला तिथे जास्त अर्थ दिसतो. ही कॉलेजे परदेशी मुलाला किती मदत लागेल हे निर्णय घेताना विचारात घेतात, पण एकदा घेतले की दाखवलेली गरज पूर्ण भागवतात. स्मिथ, व्हॅसर, मॅकॅलेस्टर ही त्यातली नावे. आपल्याकडे ती कोणी ऐकलेली नसतात, पाहुण्यांना सांगितले तर त्यांना विशेष काही वाटणार नाही. पण दोन-अडीच हजार मुलांची ही कॉलेजे आहेत आणि तिथे प्राध्यापक मुलाला नावाने ओळखतात. मराठवाड्यातून गेलेल्या मुलीला पहिल्या वर्षी हे किती आधाराचे असते हे मी जवळून पाहिले आहे. स्मिथ तर मुलींचे कॉलेज आहे. घरच्यांना तो मुद्दा महत्त्वाचा वाटत असेल तर म्हणून सांगितले.

तिसरा प्रकार गुणांवर मिळणारी शिष्यवृत्ती. ती कधी पूर्ण असते, बहुतेकदा अर्धवट असते, आणि टिकवायला दरवर्षी ठरावीक ग्रेड राखावी लागते. सरकारी म्हणजे राज्य विद्यापीठांकडे पदवीच्या परदेशी मुलांसाठी मदत सहसा फारच थोडी असते. तुमच्या घरच्या परिस्थितीत ती यादीत मोठ्या संख्येने नसावीत.

इथे एक धोका आहे. अर्जात "आर्थिक मदत हवी आहे का" असा प्रश्न असतो. काही एजंट सांगतात की तिथे "नाही" लिहा, प्रवेशाची शक्यता वाढते, मदत नंतर मागू. असे करू नका. परदेशी मुलाने सुरुवातीला मदत मागितली नाही तर पुढची चार वर्षे मागता येणार नाही, असा अनेक कॉलेजांचा नियम आहे.

मदतीसाठी बरीच कॉलेजे "सीएसएस प्रोफाइल" नावाचा फॉर्म भरून घेतात, काहींचा स्वतःचा फॉर्म असतो. त्यात उत्पन्न, बचत, घर, शेती सगळे विचारतात. आपल्या लोकांची इथे गडबड होते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसतो, त्यामुळे रिटर्नमध्ये दुकानाचेच उत्पन्न ठळक दिसते. दुसरीकडे अकरा एकरांची बाजारभावाने किंमत लिहिली की कागदावर तुम्ही श्रीमंत दिसता. यावर लपवाछपवी हा उपाय नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, दुकानाचे तीन वर्षांचे रिटर्न, बँकेचे उतारे असे सगळे काढा आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर करून घ्या. फॉर्ममध्ये विशेष परिस्थिती लिहायला जागा असते. तिथे सरळ लिहा: ही जमीन आमचे रोजगाराचे साधन आहे, कोरडवाहू इतकी, बागायती इतकी, गेल्या तीन हंगामांत एकरी इतके उत्पन्न, पीककर्ज इतके. कॉलेजच्या अर्थसाहाय्य खात्यात बसलेल्या माणसाने लातूर पाहिलेले नसते, पण नीट मांडलेला हिशेब त्याला कळतो. खोटा दाखला पकडला गेला तर प्रवेश आणि व्हिसा दोन्ही जातात.

आता मार्कांबद्दल. ९७ टक्के उत्तम आहेत. पण तिकडे नववी ते बारावी अशी चारही वर्षे बघतात. आपल्याकडे अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष मानतात. क्लासमध्ये जेईई-नीटचा अभ्यास चालतो आणि कॉलेजच्या परीक्षेत पास होण्यापुरते लिहिले जाते. नांदेडला मी स्वतः अशा अकरावीच्या गुणपत्रिकांवर सह्या केल्या आहेत: दहावीला ९५ आणि अकरावीला ६१. अर्ज वाचणाऱ्याला यातून एकच अर्थ लागतो, की मूल घसरले. बोर्डाचा बारावीचा निकाल मे महिन्यात येतो आणि अर्ज त्याच्या चार-पाच महिने आधी जातात, म्हणजे निर्णयाच्या वेळी अकरावीचेच मार्क सगळ्यात ताजे पूर्ण वर्ष असते. बारावीचे तर सहामाहीचे गुण आणि शिक्षकांनी दिलेला अंदाज एवढेच जाते. तुमची लेक आत्ता अकरावीत आहे, म्हणजे हे तिच्या हातात आहे. आजपासून घटक चाचणीसुद्धा मनापासून द्यायला सांगा.

यालाच जोडून: तिचा प्रवेश फक्त नावापुरता एखाद्या कॉलेजात आणि दिवसभर क्लास असा प्रकार असेल, तर तो बदलता येईल का बघा. कारण अर्जाबरोबर साधारण दोन विषय-शिक्षकांची पत्रे लागतात आणि एक शाळेच्या वतीने. अमेरिकेतल्या शाळेत हे काम समुपदेशक करतो. आपल्याकडे तो नसतो, तेव्हा प्राचार्य किंवा एखादे सर-मॅडम ते करू शकतात. पण जे शिक्षक तिला ओळखतच नाहीत ते लिहिणार काय? मग "मुलगी सुशील, आज्ञाधारक व मनमिळाऊ आहे" असे पत्र जाते आणि त्याचा काही उपयोग होत नाही. तिने वर्गात कोणता प्रश्न विचारला, प्रयोग फसला तेव्हा काय केले, कोणाला शिकवले, अशी एक खरी घटना पानभर स्तुतीपेक्षा जड ठरते. तिने दोन शिक्षक आत्ताच हेरावेत आणि त्यांच्या तासांना समोर बसावे. इंग्रजीत लिहायला सर संकोचत असतील तर त्यांनी मराठीत लिहून भाषांतर जोडावे. मी अशी पत्रे पाठवली आहेत, ती नीट वाचली गेली आहेत.

पत्र शिक्षकांनी स्वतःच्या ईमेलवरून स्वतः चढवायचे असते. काही एजंट शिक्षकांच्या नावाने खोटे जीमेल काढतात आणि पत्रे स्वतः लिहितात. माझ्याकडे एक मुलगा सगळे हरवून आला होता. त्याच्या दोन्ही शिक्षकांच्या पत्रांत तीन वाक्ये शब्दशः सारखी होती, आणि मे महिन्यात कॉलेजने प्रवेश रद्द केला. त्या मुलाला पत्रे कोणी लिहिली हेही माहीत नव्हते. चार लाखांना मी नाही म्हणते त्यामागचे सगळ्यात मोठे कारण हे आहे.

आणि आता तुमचे ते शेवटचे वाक्य: "पावसाची नोंद ठेवते, बाकी विशेष काही नाही." दादा, तुमच्या सगळ्या प्रश्नात मला सर्वात मोलाचे तेच वाटले.

अर्जात एक निबंध असतो, कमाल ६५० शब्दांचा, आणि शाळेबाहेर काय करतो हे लिहायला दहा छोट्या जागा. मुले तिथे ऑलिंपियाड, एनजीओ, रोबोटिक्स शिबिरे भरतात. बरीचशी शिबिरे पैसे भरून मिळतात हे वाचणाऱ्यांनाही कळते. आठवीपासून रोज, कोणी न सांगता, मापकातले पाणी बघून वहीत आकडा लिहिणे पैसे देऊन मिळत नाही. तिला विचारा: तिचा आकडा आणि महसूल मंडळाचा आकडा यांत कधी फरक पडला का? मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तरच अतिवृष्टी धरतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मंडळाचे यंत्र दहा किलोमीटरवर कोरडे राहिले आणि तुमच्या शिवारात पीक पाण्याखाली गेले, असा एखादा दिवस त्या वहीत असेल. असेल तर तोच तिचा निबंध आहे. त्यात गणित आहे, गाव आहे, आणि एक मुलगी आहे जिला आकडा खरा आहे का याची चिंता आहे. ती दुकानात बसत असेल, खताच्या उधारीचा हिशेब ठेवत असेल, तर तेही दहा जागांत लिहायचे. घरचे काम तिकडे पूर्ण मानाने मोजतात.

लातूरचे नाव आले की सगळे सुचवतील, २०१६ ची मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे लिही. ती तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षांची असेल. तिला स्वतःला जे आठवत नाही ते तिने लिहू नये. वही तिची स्वतःची आहे.

तिचे इंग्रजी कच्चे असेल याची काळजी मला नाही. चुका सुधारता येतात. मी मुलांना आनंदीबाई जोशींचे पत्र वाचायला लावते. १८८३ मध्ये अमेरिकेत पोचल्यावर त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी लिहिलेले. सगळ्या अटी आपण पूर्ण करत नाही हे त्यांनी त्यात सरळ कबूल केले, आणि मग आपण कशासाठी आलो, मायदेशी बायकांना कोणता उपचार मिळत नाही, हे सांगितले. १८८६ मध्ये त्या तिथून डॉक्टर झाल्या. काय कमी आहे ते न लपवता आणि काय हवे आहे ते नेमके, असेच आजही लिहायचे असते.

वेळेचे गणित कठीण आहे, तेही स्पष्ट सांगते. अर्जाचे पोर्टल "कॉमन ॲप" दरवर्षी १ ऑगस्टला नव्याने उघडते, लवकरच्या फेरीची मुदत साधारण १ नोव्हेंबर आणि नियमित फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. म्हणजे बारावीची सहामाही, प्रॅक्टिकलची तयारी आणि जानेवारीतली जेईई मेन, सगळे एकाच वेळी अंगावर येते. म्हणून निबंधाचा पहिला खर्डा अकरावीच्या उन्हाळी सुट्टीत व्हायला हवा. "अर्ली डिसिजन" या फेरीत निवड झाली की जाणे बंधनकारक असते, त्यामुळे त्या कॉलेजचा खर्च-अंदाज मोजणारा कॅल्क्युलेटर आधी भरून बघितल्याशिवाय तो मार्ग घेऊ नका.

सॅट ही तिकडच्या कॉलेजांची प्रवेश-चाचणी द्यावी असे माझे मत आहे. काही कॉलेजांनी ती ऐच्छिक ठेवली आहे, पण एमआयटी, डार्टमथ, हार्वर्ड, ब्राऊन यांनी चाचणी परत सक्तीची केली. आणि लातूरचे आपले कॉलेज वाचणाऱ्याला माहीत नसते तेव्हा १६०० पैकी चांगला गुण तिच्या बाजूने बोलतो. ती आता लॅपटॉपवर, सव्वादोन तासांची असते, सराव मोफत मिळतो. केंद्रासाठी पुणे किंवा हैदराबाद धरून चाला. इंग्रजीची टोफेल, आयईएल्टीएस किंवा ड्युओलिंगो यांपैकी एकच पुरे. या सगळ्याच्या आधी पासपोर्ट काढा आणि त्यावरचे नाव नीट बघा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचे नाव मध्ये, पासपोर्टवर वेगळी मांडणी, आणि परीक्षेला तिसरीच, यात मुलांचे आठवडे वाया गेलेले मी पाहिले आहेत. पासपोर्टवर आहे तेच नाव सगळीकडे.

माझे उत्तर बदलू शकते अशा दोन गोष्टी आहेत. पहिली, तुमचा आकडा. तो अगदी लहान असेल तर यादीत फक्त पूर्ण गरज भागवणारी कॉलेजे राहतील, आणि एकही लागणार नाही ही शक्यता मोठी असेल. म्हणून सीईटी आणि जेईई सोडू नका. व्हिसाचेही तसेच. २०२५ मध्ये ऐन हंगामात मे अखेरीपासून जवळजवळ तीन आठवडे विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणे बंद होते. इथली एक जागा हातात असावी.

दुसरी गोष्ट, तिला नक्की काय शिकायचे आहे ते. हवामान, पाणी, भौतिकशास्त्र असे संशोधनाकडे मन असेल, तर आयसरसारख्या विज्ञान-संशोधनाच्या सरकारी संस्थेत इथे शिकून मग अमेरिकेत पीएच.डी.ला जाणे हा फार चांगला मार्ग आहे. विज्ञानाच्या पीएच.डी.त तिथे बहुधा फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळते. घराला कर्ज लागत नाही. माझ्याकडच्या कितीतरी मुलांना मी हाच मार्ग सुचवला आणि ती आज तिथे आहेत. पण बावीस-तेविसाव्या वर्षी जाणे आणि अठराव्या वर्षी जाणे यांत फरक आहे, तो तिने ठरवावा.

सध्या तीन कामे करा. आकडा काढा. तिच्या पावसाच्या वहीचे प्रत्येक पान मोबाइलवर फोटो काढून साठवा, कारण वही भिजते. आणि आठवीत तिला मापक कोणी दिले, विज्ञानाच्या सरांनी की मॅडमनी, ते मला कळवा. बरीच कॉलेजे नेहमीच्या दोन पत्रांशिवाय आणखी एक पत्र घेतात. ते त्यांनी लिहावे असे मला वाटते.